डिकीचा दुसरा शॉकर

प्रिय जयराम,

लबाडा, तुला पत्र लिहायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं. मंडपाच्या धंद्यातल्या तीस वर्षांच्या भागीदारीत मी तुला लिहिलं ते एवढंच : 'वीस बांबू, सहा कनाती, दोन भोंगे, तानशाच्या हळदीला पाठव.' आता तू जाऊन आठ महिने झालेत आणि मी गोडाउनात कोरा कागद पुढ्यात घेऊन बसलोय. कारण मागल्या आठवड्यात मुरबाडला तुझी एक लबाडी मी पकडली. तोंडावर विचारली असती, पण तू बसलायस फोटोत. म्हणून कागदावर विचारतो.

विचारतो कसलं, आळच घालतो. ऐक.

सुरुवात तुझ्या गाडीच्या डिकीनं केली. मागल्या सोमवारी सुमनवहिनीचा फोन आला. तू गेल्यापासून तुझी बायको माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलते, तेही दुसऱ्या कुणाच्या तोंडून. ती स्वतः फोन करते म्हटल्यावर माझे कान टवकारलेच.

"भावजी, डिकी पडली."

"कुठं पडली?"

"माझ्या डोक्यात."

तसाच खर्डीला गेलो. वहिनीच्या कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ, त्यावर हळद. तुला ठाऊक नाही, तू गेल्यावर ती गाडी शिकली. चोपन्नाव्या वर्षी! उंबरमाळीच्या बाजूला रस्त्याचं काम चाललंय, तिथल्या पस्तीस माणसांचे जेवणाचे डबे ती रोज तुझ्या त्या जुन्या पांढऱ्या गाडीतून पोचवते. आपला अॅम्प्लिफायर बसायचा त्या जागी आता भाताचं पातेलं बसतं. त्या दिवशी ते पातेलं काढायला वाकली, कोपरानं टेकूचा बांबू सरकला आणि डिकी काचेसकट खाली आली.

तुझा नितीन रात्री कल्याणवरून आला आणि टेंगूळ बघून निकालच देऊन गेला. "आई, भंगार झालीय ती. रविवारी मुरबाडचा एक माणूस घेऊन येतो, विकून टाकू. डबे बंद कर."

पोर वाईट नाही, घाबरलंय. पण वहिनी माझ्यासमोर ओटीवर बसून काय बोलली ते ऐक. "भावजी, गाडी गेली की डबे गेले. डबे गेले की मी दिसभर काय करू? तुमच्या मित्राच्या फोटोचा हार बदलत बसू? रविवारच्या आत डिकी उभी राहिली पायजे. पोराला डोळ्यांनी दिसली पायजे. नायतर तो आयकायचा नाय."

सहा दिवस होते हातात. मी म्हटलं, एवढंच ना? डिकी वर उचलून धरणारे ते गॅसचे दोन शॉकर बदलायचे. त्यात काय आहे!

पण मी डिकी उघडली आणि माझ्या डोक्यात घंटा वाजली.

तुला आठवतं, तीन वर्षांपूर्वी आपलं ठरलं होतं की डिकी फार खाली येते, दोन्ही शॉकर नवे टाकू? तू मुरबाडच्या भास्कर मेकॅनिककडून टाकूनही आणलेस. मीच बोट लावून बघितले होते, दोन्ही बाजूंना दोन काळे चकचकीत नळकांडे. मग पंधरा दिवसांत तिथं बांबूचा दांडका आला. मी विचारलं तर तू म्हणालास, "माल बोगस निघाला रे." मी त्यावर हसलो, पण मनात नोंद केली.

आता बघतो तर डावीकडचा शॉकर तोच, तीन वर्षांचा, थकलेला. आणि उजवीकडचा? गंजलेला, तेलानं चिकटलेला, गॅस कधीच उडून गेलेला. तोच मूळचा जुना! नवा काढून जुना परत बसवलेला! आता तूच सांग, माणसाला संशय येणार नाही तर काय येणार? भास्करनं हात मारला? की तूच काही भानगड केलीस?

त्यात तो बांबू. दांडका सरकू नये म्हणून त्याला नायलॉनच्या दोरीचा फास करून डिकीच्या कुलपात अडकवलेला. आपल्या धंद्यात गाठ म्हणजे माणसाची सही. शंभर गाठींतून तुझी मी ओळखीन, दोन वेढे आणि शेपूट उजवीकडून आत. ही तसली नव्हती. ढिली, एका अंगाला कललेली, आणि दोरीचं टोक चावून चावून पिंजलेलं. उंदरानं कुरतडलं म्हणावं तर एकाच जागी.

म्हटलं, ही गाठ जयरामची नव्हेच. मग तुझी गाडी दुसरं कोण वापरत होतं?

"वहिनी, ही गाडी आणखी कोण चालवायचं काय?"

"नाय," ती बोलली आणि चुलीकडं गेली. आतून भांड्यांचा आवाज आला. कामाच्या भांड्यांचा आवाज वेगळा असतो आणि विषय टाळणाऱ्या भांड्यांचा वेगळा. माझे कान तुला माहीत आहेत. भोंग्यातली घरघर मी पार रस्त्यावरून ऐकतो.

दुसऱ्या दिवशी शहापूरला स्पेअरच्या दुकानात गेलो. मालकानं गाडीचं मॉडेल विचारलं, वर्ष विचारलं, आणि आत जाऊन आपल्या माणसाला हळूच बोलला, "ती मागच्या आठवड्यात परत आलेली जोडी काढ."

हळूच बोलला, पण मी ऐकलं ना! परत आलेला माल माझ्या गळ्यात?

मी म्हटलं, "ती जोडी नको. याच लांबीची, पण ताकदीची द्या. मोठ्या गाडीची चालेल."

"काका, यात जास्त ताकद म्हणजे चांगलं असं नसतं. ही साधी जोडीच तुमच्या गाडीची आहे. स्वस्त पण आहे."

दुकानदार स्वतःहून स्वस्तातली वस्तू घ्या म्हणतो तेव्हा मी जास्तच सावध होतो. आणि आपल्या धंद्याची सवय तुला ठाऊक आहे. चार इंची वासा पुरतो तिथं आपण पाच इंची रोवतो, वाऱ्याचा काय भरवसा! मी मोठ्या गाडीची दणकट जोडी घेतली, छाती पुढं काढून खर्डीला आलो आणि अंगणात स्वतःच्या हातानं बसवली. टोकाची तार स्क्रू ड्रायव्हरनं उचकली, जुना निघाला, नवा टक्कन बसला. म्हटलं, हे काय अवघड आहे? मेकॅनिक लोक उगाच भाव खातात.

कुलपाची कळ दाबली. आणि जयराम, ती डिकी उघडली नाही, उडाली! माझी टोपी तिकडं पेरूच्या झाडात! बिजागऱ्या कुईं करून ओरडल्या.

"आता बंद करा बघू," मी वहिनीला म्हटलं.

वहिनीची उंची तुझ्या खांद्याएवढी. तिनं टाचा उंचावल्या, दोन्ही हातांनी कड धरली आणि ओढली. डिकी हलेना. तिनं आणखी जोर लावला, तर तिचेच पाय जमिनीवरून सुटले. क्षणभर लटकली बिचारी.

"भावजी, ही डिकी हाय का आंब्याची फांदी? मी डबे पोचवू का झोके घेऊ?"

मी हसलो, ती पण हसली. आठ महिन्यांत पहिल्यांदा. आणि हसता हसता तिच्या तोंडून निसटलं, "ह्यांना पण नव्हती ओढवत, नवे टाकले तवा."

"काय? कुणाला नव्हती ओढवत?"

तिचं हसू गेलं. "कुणाला नाय. तुमी चहा घेणार?"

तुझ्या घरात तीस वर्षांत मला कुणी 'चहा घेणार का' विचारलेलं नाही. चहा नुसता पुढ्यात यायचा. विचारला म्हणजे काहीतरी झाकायचं होतं. आणि तुला डिकी ओढवत नव्हती? भरलेला जनरेटर एका बाजूनं उचलणारा तू!

ती रात्र तशीच गेली. सकाळी मुरबाडच्या रस्त्याला लागलो. किन्हवली मागं पडली, सरळगाव मागं पडलं, आणि मी मनात भास्करची उलटतपासणी रचत होतो. आधी इकडचं तिकडचं विचारायचं, मग गाफील पकडायचं. म्हातारा नाही नाही म्हणेल, मग मी गंजलेला शॉकर त्याच्या पुढ्यात आपटीन.

भास्कर गॅरेजात एका बॉनेटखाली डोकं घालून उभा होता. चष्म्याची काडी अजून दोऱ्यानंच बांधलेली.

"भास्कर, जयरामच्या गाडीचा नवा शॉकर काढून जुना कुणी बसवला?"

"मी," तो बोलला. डोकंसुद्धा बाहेर काढलं नाही.

माझी सगळी तयारी पाण्यात! "का?"

"त्यानं सांगतलं म्हणून."

"आणि नवा कुठं गेला?"

आता तो बाहेर आला. फडक्याला हात पुसले, स्टुलावर चढला आणि भिंतीच्या वरच्या खिळ्यावरून कागदात गुंडाळलेलं एक लांबडं पुडकं काढलं. वर त्याच्या कोळ्याच्या पायांसारख्या अक्षरात लिहिलेलं : जयराम, शहापूर.

"दांडी खाली करून टांगलाय," तो बोलला. "आडवा ठेवला तर आतलं सील सुकतं, गॅस जातो. हात बरा झाला की येतो, तवा बसव, असं बोलून गेला तो. मी सांभाळला. मना काय माहीत तो असा जाईल."

"कुठला हात?"

भास्करनं चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. 

"काळू, तुला नाय माहीत?"

मला नाही माहीत! शहापुरात कुणाच्या घरी लग्न ठरतंय हे मुलीच्या मामाच्या आधी मला कळतं. कुठल्या मंडपवाल्याचा भोंगा फाटलाय ते मला दोन गावं सोडून ऐकू येतं. आणि माझ्या खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या माणसाचा डावा हात मेला, ते मला नाही माहीत.

भास्करनं सांगितलं ते असं. मानेत नस दबली होती. आधी मुंग्या, मग बोटं, मग खांद्यापासून खाली जोरच नाही. नवे शॉकर बसवल्यावर पंधरा दिवसांतच तू परत त्याच्याकडं गेलास आणि त्याच्या अंगणात डिकी बंद करून दाखवायला लागलास. उजव्या हातानं ओढलीस, मानेत कळ आली, येईना. डाव्याची मदत घ्यायला गेलास, तो वर जाईना. तीनदा केलंस. मग हसलास आणि टायरवर बसून राहिलास.

"त्यानंच युक्ती काढली," भास्कर म्हणाला. "बोलला, भास्कर, एक नवा ठेव, एक मेलेला ठेव. म्हंजे डिकी निम्मी हलकी होईल, एका हातानं खाली येईल. वर धरायला बांबू लावतो. बांबूची आपल्याकडं काय कमी हाय?"

आणि मग म्हणे तू म्हणालास, "काळूला बोलू नको."

मग ती गाठ. मी तिथंच स्टुलावर बसलो, जयराम. ते उंदराचे दात नव्हते रे. ते तुझे होते. एक टोक दातात धरायचं आणि उजव्या हातानं वेढा घालायचा. तुझी सही मला ओळखू आली नाही, कारण ती तू अर्ध्या हातांनी केली होतीस. शेवटची अडीच वर्षं तू सगळ्या गाठी तशाच मारल्यास का? मी कनातीच्या पलीकडं उभा असायचो तेव्हा?

आता मला सगळं आठवायला लागलं, आणि प्रत्येक गोष्टीत माझाच आवाज सगळ्यात मोठा होता.

तानशाच्या त्या हळदीत तू शिडीवर चढला नाहीस. मी सगळ्या माणसांसमोर म्हटलं, "जयरामशेठ आता खुर्चीत बसून मंडप बांधतात!" माणसं हसली. सगळ्यात जास्त तू हसलास. का हसलास रे?

तू दर गुरुवारी संध्याकाळी गायब व्हायचास. एकदा गोडाउनात कनातींच्या मागं तू फोनवर बोललेलं मी ऐकलं, "हो, येतो. पण कुणाला कळायला नको." मी काय समजलो, सांगू? किन्हवलीच्या त्या दुसऱ्या मंडपवाल्याशी तुझी बोलणी चाललीत. भागीदारी मोडणार. सहा महिने मी त्याच समजुतीत होतो, आणि तुझ्याशी बोलताना जीभ जरा तिखटच ठेवली. भास्कर म्हणतो, गुरुवारी तू दवाखान्यात मान ओढून घ्यायला जायचास. ऐकलं बरोबर मी, एक शब्द चुकला नाही. पण अर्थ माझ्या मनाला हवा तो लावला. असल्या कानांचं काय लोणचं घालायचं?

मी भास्करवर चिडलो. "सांगायला काय झालं होतं त्याला? मी परका होतो?"

"तूच बोलला होतास ना, त्या रघूबद्दल?"

आठवलं. रघू आपला शिडीवरचा माणूस. पडला, हात मोडला, वाकडाच जुळला. महिनाभरानं कामाला आला तेव्हा मी त्याला दारातूनच परत पाठवलं. म्हटलं, "मंडप दोन हातांचा धंदा आहे. एका हाताचा माणूस म्हणजे दुसऱ्याच्या डोक्यावर बांबू." तू माझ्या शेजारी उभा होतास. दोरीचं वेटोळं घालत होतास.  तेव्हा तुझ्या बोटांना मुंग्या सुरू झाल्या होत्या का?

पण गड्या, तू रघू होतास का? रघू रोजावरचा माणूस. तू आणि मी एका भाड्याच्या भोंग्यावर धंदा उभा केलाय. तुला मी दारातून परत पाठवलं असतं असं तुला वाटलं? मला विचारायचं तरी! खरं सांगू, विचारलं असतंस तर मी काय बोललो असतो ते मला आज नक्की सांगता येत नाही. तुला सांगता येत होतं, म्हणूनच तू विचारलं नाहीस. हाच माझा तुझ्यावरचा आळ आहे. तू माझ्यावर संशय घेतलास. तीस वर्षं संशय घ्यायचं काम माझं होतं, ते तू गुपचूप करून गेलास.

मला त्या खिळ्यावरचा शॉकर उचलून गाडीत घालावासा वाटला. भास्करला म्हटलं, "हाच बसव. जयरामचाच बसू दे."

"खुळा हायेस काय?" तो खेकसला. "जोडी एकदम बदलायची असते. एक दमदार आणि एक दमलेला असला की डिकी वाकडी ओढते, काच तडकंल. आणि हा पण आता म्हातारा झाला. सांभाळला म्हणून काय तरणा राहतो?"

मग त्यानं मला पहिल्यांदा नीट शिकवलं. शॉकरच्या अंगावर नंबर असतो, तो जुळला पाहिजे. लांबी टोकापासून टोकापर्यंत नाही मोजायची, दोन्ही टोकांना गोळीवर बसणाऱ्या वाट्या असतात, त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत. दांडी खालच्या अंगाला ठेवून बसवायचा, उलटा नाही. आणि ताकदीचा आकडा वेगळा छापलेला असतो.

"ताकद डिकीच्या वजनाची बघायची, मालकाच्या मिशीची नाय," तो बोलला. "गाडी चालवणार कोण?"

"वहिनी."

"तिला इचारलंस, किती ओढवतं?"

नव्हतं विचारलं. शॉकर आणले मी, बसवले मी, तिच्या डोक्यावरची डिकी आणि हात माझे! तुझ्या वेळी पण मी काही विचारलं नव्हतं.

शुक्रवारी डबे पोचवून झाल्यावर वहिनीला म्हटलं, चला शहापूरला, दुकानात तुमीच बघा. गाडी तिनं चालवली, मी बाजूला. दणकट जोडी आधीच काढून घेतली होती, डिकी दोरीनं बांधली होती. चांगली चालवते रे, गिअर टाकताना आवाज येत नाही. तुझ्यापेक्षा बरी.

आसनगावच्या आसपास मी बोललो, "भास्करनं सांगितलं सगळं."

ती रस्त्याकडं बघत राहिली. "मना त्यांनी शपथ घातली होती."

"एवढं का?"

"तुमी मस्करी करायचात ना भावजी, ती ते घरी येऊन सांगायचे. खुर्चीतला मंडपवाला. हसून हसून सांगायचे. मना नाय यायचं हसू."

"म्हणून तुम्ही माझ्याशी बोलत नव्हतात?"

"म्हणून."

 माफ करा म्हणायला तोंड उघडलं तर मागून ट्रकनं हॉर्न दिला. तो गेल्यावर मी विचारलं, "आणि आता?"

"आता आधी डिकी बघू," ती म्हणाली.

दुकानदारानं मला बघून हात जोडले. मी दणकट जोडी काउंटरवर ठेवली आणि म्हटलं, "ती परत आलेली जोडी दाखवा. आणि परत का आली ते पण सांगा."

"दुसऱ्याच गाडीवाल्यानं चुकून नेली होती काका. नंबर जुळला नाही, म्हणून पुडी न फोडता आणून दिली. तुमच्या गाडीची तीच आहे. मी त्या दिवशी सांगणारच होतो, तुमी आयकून घेतलं कुठं?"

तरी मी नंबर वाचला. टेप काढून वाट्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजलं. पुडीवरची तारीख उजेडात धरून बघितली. वहिनी बघत होती, म्हणाली, "दातानं पण चावून बघा." दुकानदार हसला. जयराम, संशय एका दिवसात सुटत नाही रे.

दुकानाच्या दारातच जोडी बसवली. वहिनीनं कळ दाबली. डिकी आपली हळूच, स्सss करत वर गेली आणि थांबली. तो आवाज ऐकायला तू हवा होतास. नव्या गॅसचा आवाज कसा असतो, कोरी साडी घडीतून उलगडावी तसा. मग वहिनीनं हात वर केला. कड तिच्या बोटांना जेमतेम लागत होती, म्हणून दुकानदाराच्या माणसानं आतून एक कापडी पट्टा बांधून दिला. तिनं पट्टा एका हातानं ओढला. डिकी खाली आली. टक्.

तिनं पुन्हा उघडली. पुन्हा बंद केली. पाच-सहा वेळा. दुकानात माणसं खोळंबली होती, ती पण डिकीच बघत होती.

मग रविवार. नितीन आला, बरोबर मुरबाडचा तो गिऱ्हाईक, पांढरे बूट घातलेला. मी मुद्दाम आधीपासून ओटीवर बसलो होतो. वहिनी डबे भरत होती, रविवारी पण त्या लोकांचं काम चालू असतं. गिऱ्हाइकानं गाडीभोवती चक्कर मारली, टायरला लाथ मारली, आणि डिकी उघडली. स्सss. त्यानं बंद केली, परत उघडली. आणि त्याचा चेहरा खुलला!

"अरे वा! तुमी तर बोलला भंगार हाय. डिकी तर एकदम मक्खन! मी आत्ताच नेतो. बोला."

बघ, माझी अक्कल! गाडी वाचवायला डिकी नीट केली, आणि त्याच डिकीनं गिऱ्हाईक गटवलं. नितीननं माझ्याकडं बघितलं, मी पेरूच्या झाडाकडं.

"आई, बघ, चांगला माणूस हाय. देऊन टाकू."

वहिनी आतून पातेलं घेऊन आली. गिऱ्हाइकाला म्हणाली, "जरा सरका दादा, गरम हाय." तिनं पातेलं ठेवलं, डब्यांच्या पिशव्या लावल्या, रश्श्याची किटली कोपऱ्यात दाबून बसवली. मग पट्टा धरला आणि एका हातानं डिकी लावली. टेंगूळ अजून पिवळं होतं तिच्या कपाळावर.

"नितीन, यांना चहा दे," ती म्हणाली. "मना उशीर होतोय. माणसं उपाशी बसलीत तिकडं."

आणि गाडीत बसून निघून गेली! गिऱ्हाईक अंगणात किल्लीसाठी हात पुढं करून उभा. नितीन रस्त्यापर्यंत धावला, मग परत आला. आणि मला विचारतो, "काका, आई एवढी फास्ट कधीपासून चालवायला लागली?"

मी म्हटलं, "मला विचारू नको. मला कुणी काही सांगत नाय."

संध्याकाळी वहिनी परत आली. मी अजून तिथंच होतो, टोपी झाडावरून काढून घेतली होती. तिनं न विचारता माझ्या पुढ्यात चहा ठेवला.  मी तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यालो.

आता मी तुला शब्द देतो, जयराम. मंगळवारी रघूच्या घरी जाणार आहे. माईक, वायर, भोंग्याची जुळवणी, हे काम एका हातानं होतं. हे मला त्या दिवशी दारातच सुचायला हवं होतं. तो शिव्या देईल, दाराबाहेर उभं करील, मी उभा राहीन. आणि आपल्या माणसांपैकी कुणी शिडी टाळली, कुणी कनातींमागं हळू आवाजात बोललं, तर माझ्या मनात संशय येणार, ती खोड काही मरेपर्यंत सुटेल असं वाटत नाही. पण आधी त्याच्याजवळ जाऊन विचारीन, दुखतंय का कुठं? मग काय तो संशय घेईन.

तुझ्यावरचा माझा आळ मात्र मागं घेत नाही. तिकडं आलो की पहिला तोच विषय काढणार आहे. उत्तर तयार ठेव.

तुझा, सगळं ऐकूनही बहिरा राहिलेला भागीदार,
काळूराम